पडद्यावरचं ‘हो’

अर्डिथ साठीला टेकलेली, हाडापेरानं दणकट बाई. आयुष्यात तिनं एकही मतदान चुकवलं नव्हतं. बाळंतपणाचे टाके ओले असताना गेली, बर्फात गाडी रुतली तर पायी गेली. नवऱ्यानं, व्हर्ननं, ज्या वर्षी दात पाडला त्या वर्षीही तोंडाला मफलर गुंडाळून रांगेत उभी राहिली. अशी ही बाई गेल्या वसंतात एक बॅग घेऊन घरातून निघाली ती थेट ओहायो राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ईरी सरोवराकाठच्या एका गावात. पत्ता सख्ख्या बहिणीलाही दिला नाही.

इथं शाळेची बस चालवायचं काम मिळालं. पण त्यासाठी लायसन्सवर इथलाच पत्ता हवा, म्हणून ती लायसन्सच्या ऑफिसात गेली. काउंटरवरच्या मुलीनं छोटा पडदा तिच्याकडे वळवला. फोटो ठीक आहे? हो. चष्मा लागतो? हो. मतदार यादीतही हाच पत्ता घालायचा? बोट आपसूक ‘हो’वर गेलं. मतदानाला नाही म्हणायची सवयच कुठं होती तिला! बाई खुशीत घरी आली.

ऑक्टोबरात उमेदवारांची पत्रकं टपालानं यायला लागली. प्रत्येकावर तिचं नाव, तिचा पत्ता. तेव्हा कुठं तिला व्हर्न आठवला. आता काय म्हणावं या बाईला! व्हर्न पक्षाचा जुना कार्यकर्ता. दर निवडणुकीला यादी घेऊन दारं ठोठावत फिरायचा, आणि त्या यादीवर खुणा करायला हीच शेजारी असायची. अख्ख्या राज्याची यादी, पत्त्यांसकट, कुणालाही मिळते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्याच दिवशी तिनं निवडणूक कचेरी गाठली. तिथली बाई मायाळू होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. इथून पुढं पत्ता झाकायची सोय आहे, म्हणाली, पण बाहेर गेलेली यादी परत कशी आणणार? हवं तर नावच काढून टाकता येईल. तेव्हा मात्र अर्डिथ उसळली.

“मारलं त्यानं, आणि नाव माझं खोडायचं?”

नाव राहिलं. घरी येऊन तिनं दाराला आणखी एक कडी बसवली आणि पडदे ओढून घेतले. बसची फेरी सोडली तर ती कुठंच जाईना. गाव सोडावं तर नोकरी जाणार, आणि नव्या गावात पुन्हा लायसन्स, पुन्हा पत्ता. जायचं तरी कुठं?

शनिवारी दुपारी दार वाजलं. किल्लीच्या टोकानं टकटक, तीनदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. दर निवडणुकीला व्हर्न दारं ठोठवायचा ती हीच तऱ्हा, तिला कुणी सांगायला लागणार होतं थोडंच! ती ओट्याखाली जमिनीवर बसली. शेगडीवर बटाट्याचं सूप उतू जात होतं, पण उठून गॅस बंद करायची तिची छाती झाली नाही. बऱ्याच वेळानं पावलं लांब गेली, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

दाराखालून एक पत्रक आत सरकवलेलं होतं. पुढं उमेदवाराचा हसरा फोटो. मागं व्हर्नचं तिरकं अक्षर: “मंगळवारी भेटू. तू मतदान चुकवत नाहीस.”

हवं तर मतदान चुकवेनही, असं आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात आलं. पण यादीत पत्त्यापुढं मतदान केंद्रही छापलेलं असतं, आणि तिचं केंद्र ती जिथं पोरं पोचवायची त्याच शाळेच्या व्यायामशाळेत होतं. मतदानाच्या दिवशीही शाळा चालूच, मंगळवारी सकाळी पोरांनी भरलेली बस तिलाच त्या दारात नेऊन उभी करायची होती.