पत्तीमामाचा सॅक्सोफोन

माझ्या मामाच्या तोंडात दिवसभर काहीतरी असायचं, आणि ते तंबाखू नव्हतं. अनसिंगमध्ये नवा आलेला माणूस हमखास फसायचा. एसटीच्या थांब्यावर शेजारी बसून तळहात पुढे करायचा आणि म्हणायचा, "द्या ना चिमूटभर." मामा गालातून बोरूसारखी पातळ, बोटभर लांबीची एक पत्ती काढायचा. "घे, चावून पाय. लई कडक हाये." मामा एका बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचा. वाद्याच्या तोंडाशी ही पत्ती बसवतात; तीच थरथरते आणि सूर निघतो. ओली असल्याशिवाय ती धड बोलत नाही, म्हणून वरातीला निघायच्या कितीतरी आधीपासून मामा ती तोंडात भिजत ठेवायचा. पुढे वरात असो की नसो, पत्ती गालात असायचीच. सगळं गाव त्याला पत्तीमामा म्हणे. माझा तर तो सख्खाच मामा, त्यामुळे माझा रुबाब जरा जास्त.

माझे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. शाळा बुडू नये म्हणून मी मामा-मामीकडे राहिले आणि मग तिथलीच झाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामानं मला आधी क्लॅरिनेट देऊन पाहिलं, पण त्याच्या उघड्या भोकांवर माझी बोटं काही पुरी बसेनात. सूर निघायच्या ऐवजी म्हातारी रडल्यासारखा आवाज यायचा. मामा म्हणाला, "तुले कळांवालं वाद्य पाह्यजे. सॅक्सोफोन घेऊ." शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं भोंगा फुंकावा काय, भाऊ?" मामानं पत्ती या गालातून त्या गालात घेतली. "तिच्या फुप्फुसाले कुटी माईत हाये वैनी, थे पोरीचं हाये म्हनून!"

आम्ही अकोल्याला गेलो. दुकानात एक नवाकोरा अल्टो सॅक्सोफोन होता, इतका चकचकीत की त्यात मला माझे दात दिसत होते. माझा जीव तिथंच अडकला. मामानं पिशवीतून एक बारका बल्ब काढला, लांब वायरीचा. दुकानदाराला शटर अर्धं खाली ओढायला लावलं, दिवे बंद करायला लावले आणि बल्ब वाद्याच्या पोटात सोडला. कळांच्या खाली चामड्याच्या गोल गाद्या असतात, त्या भोकांवर घट्ट बसाव्या लागतात. त्या नव्याकोऱ्या वाद्यात चार ठिकाणांहून उजेड बाहेर येत होता. मग मामानं कोपऱ्यातला एक जुना उचलला. रंग उडालेला, भोंग्याला मोठा पोचा. त्यात बल्ब सोडला तर एकाही गादीखालून उजेड नाही. "हाच," मामा म्हणाला. माझं तोंड पडलेलं पाहून त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. "पोचा दिसते, पन आयकू येत नाई. फट दिसत नाई, पन साऱ्या गावाले आयकू येते." परतीच्या एसटीत मी ती पेटी मांडीवर घेतली आणि वाशीम येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

सॅक्सोफोन शिकवण्याआधी त्यानं तो पुसायला शिकवलं. त्याच्या जुन्या बनियनचा चौकोनी तुकडा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला मासेमारीच्या जाळ्यातलं शिसं. वाजवून झालं की शिसं भोंग्यातून आत सोडायचं, वाद्य उलटं करायचं आणि दुसऱ्या तोंडातून कपडा ओढून घ्यायचा. आत साचलेली वाफ पुसली नाही तर गाद्या कुजतात. "आधी पुसाचं, मंग बाकी सारं," हे तो इतक्या वेळा म्हणायचा की मामी त्याला चिडवायची, "अवो, माह्या लग्नातबी आधी पुसत बसले होते, मंग माह्याकडं पाह्यलं." ते खोटं नसावं. लग्नात बँडवाल्यांची पंगत बसली की बाकीचे पत्रावळीकडे धावायचे आणि मामा मांडवाच्या मागं उकिडवा बसून पुसत असायचा. वाजवायच्या आधी गोड खायला त्याची सक्त मनाई होती. साखरेची लाळ आत गेली की गाद्या चिकटतात. लहानपणी त्या नियमापायी मी किती जिलेब्यांना मुकले ते माझं मला माहीत. पण पुसून झालं की त्याच्या खिशातून कागदात बांधलेली बुंदी निघायचीच.

मामीचं आणि सॅक्सोफोनचं एक प्रकरण आहे. तिची पितळेची भांडी आमच्या मोहल्ल्यात नावाजलेली. तो काळवंडलेला सॅक्सोफोन रोज डोळ्यांपुढे पाहून तिला फार दुखायचं. त्या वर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीत मी पहिल्यांदा वाजवणार होते. आदल्या दिवशी मी आणि मामा पांढरे कपडे आणायला वाशीमला गेलो, आणि मामीनं मोठ्या मायेनं सॅक्सोफोन चिंच आणि राख लावून घासला, बादलीभर पाण्यानं खंगाळला आणि भोंगा वर करून उन्हात ठेवला. आम्ही आलो तर ती दारातच उभी, चेहरा फुललेला. "पाय वं, कसा सोन्यावानी केला!" सगळ्या गाद्या भिजून फुगल्या होत्या. मी किंचाळले. मामीला काय झालं ते कळेना, आणि कळलं तेव्हा ती पदरानं एकेक गादी टिपू लागली. मामा बराच वेळ वाद्य फिरवून पाहत राहिला. मग म्हणाला, "पितळ मात्र असं कोनी घासलं नसन. वा." त्या जयंतीला मी मिरवणुकीत नुसती चालले. मामानं अकोल्याहून गाद्या आणल्या आणि चुलीवर लाख पातळ करून एकेक बसवली. लाख धरायला मामीच होती. पण त्यानंतर तिनं त्या पेटीला कधी हात लावला नाही. झाडू मारतानाही पेटीला वळसा घालून जायची.

माझी पत्ती मामाच भिजवायचा. स्वतःची डाव्या गालात, माझी उजव्या. मी शाळेतून येऊन हातपाय धुवेपर्यंत ती तयार असायची. मग त्याला खोकला लागला. तो लांबला, ताप येऊ लागला, आणि वाशीमच्या दवाखान्यात सांगितलं की टीबी आहे. घरी आल्यावर त्यानं माझी पेटी उघडली, आतल्या सगळ्या पत्त्या काढल्या आणि चुलीत टाकल्या. "आजपासून तुही पत्ती तूच भिजव." मला रोगाचं नाव ऐकून रडू आलं नव्हतं. त्या पत्त्या जळताना पाहून आलं.

गोळ्यांचा कोर्स त्यानं इमानानं पुरा केला. डॉक्टर म्हणाले, आता कोणाला लागण होणार नाही. पण फुप्फुसं जी गेली ती गेली. त्याचं क्लॅरिनेट खुंटीवरून कधी उतरलं नाही. एकदा मी सॅक्सोफोन त्याच्यापुढे धरला. "मामा, एकदा फुंक. फक्त एक सूर." त्यानं वाद्य घेतलं, सगळ्या कळा दाबून पाहिल्या, एक सैल स्क्रू नखानं आवळला आणि मला परत दिलं. "दम नाई राह्यला, माय. अन् डॉक्टर काईबी म्हनो, तुह्या तोंडातली गोष्ट हाये थे." तेव्हापासून तो अंगणाच्या त्या टोकाला बाजेवर बसायचा आणि मी या टोकाला, आणि तो तिथूनच ऐकून माझ्या चुका काढायचा.

त्यांच्या बँड पार्टीत एक रीत होती. वराती निघताना ते कायम एकच धून आधी वाजवत. ओळी पार्टीच्या वस्तादांच्या ट्रम्पेटच्या, आणि दोन ओळींच्या मधले तुकडे मामाच्या क्लॅरिनेटचे. पार्टीतला माणूस गेला की त्याच्या मयतीला तीच धून वाजायची, पण त्याची जागा खाली, रिकामी सोडून. ढोलकीवाल्याच्या मयतीला ढोलकीविना, झांजवाल्याच्या झांजेविना. एका सकाळी उन्हात बसल्या बसल्या मामा म्हणाला, "माह्या वक्ताले जागा खाली नोको सोडू देऊ. लई भकास वाटते थे. मी वस्तादले सांगून ठेवलं हाये, पोरगी वाजवीन म्हनून. तू माहे तुकडे शिकून घे."

"मी नाई शिकत."

"काहून?"

"शिकली म्हंजे तू मरशीन."

तो हसला, आणि हसता हसता त्याला अशी ढास लागली की मामी पाणी घेऊन धावली. त्यानं तो विषय परत काढला नाही. मला वाटलं, मी जिंकले.

पुढे मला मेडशीच्या शाळेत नोकरी लागली. संध्याकाळी मी खोलीवर सॅक्सोफोन काढून फोन लावायची. तिकडे मामी फोन त्याच्या कानाशी धरायची. त्या काळात त्यानं मला नवे पलटे, म्हणजे सरावाच्या सुरावटी, घालून दिले होते, अगदी संथ, लहान लहान, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसलेले. "हे कायचे गा मामा? कायले वाजवाचे?" मी विचारायची. "बोटं मोकळी होते त्यानं," तो म्हणायचा. "दुसरा पुन्हा घे. घाई नोको करू." बोलणं जड झालं तसा तो स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं ताल धरू लागला. चमचा थांबला की समजायचं, चुकलं. नंतर नंतर चमचा मधेच थांबायचा तेव्हा मला कळायचं नाही, की मी चुकले की तो दमला. मी विचारतही नसे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

तूर निघायच्या दिवसांत मामा गेला. मी मेडशीहून पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मामी भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. पार्टीतले सगळे आले होते, आता पिकलेले, कोणाचे दात गेलेले. ट्रम्पेटवाले वस्ताद माझ्याजवळ आले. "काढ वं पेटी." मी म्हटलं, "वस्ताद, मले येत नाई थे. मी शिकलीच नाई." ते म्हणाले, "संगं तर चाल. नाई वाजलं तर खाली राहीन जागा."

मी पत्ती तोंडात ठेवली. माझी मीच भिजवली. मयत निघाली, पहिली ओळ ट्रम्पेटनं घेतली, ओळ संपली आणि मधली जागा आली. नुसता ढोल वाजत होता. मामा म्हणाला होता तशीच भकास. दुसरी ओळ झाली, पुन्हा ती जागा आली, आणि मी काही ठरवायच्या आत माझी बोटं हलली. तो मेडशीचा पलटा होता. तोच, जलद चालीत. पुढच्या जागेत पुढचा पलटा बसला, त्याच्या पुढच्या जागेत त्याच्या पुढचा. फोनवर, चमच्याच्या तालावर, त्यानं मला त्याची सगळी जागा तुकड्यातुकड्यानं देऊन टाकली होती, आणि मी म्हणत होते की मी शिकणार नाही. मी स्मशानभूमीपर्यंत वाजवत गेले. त्या पहिल्या जागेनंतर एकही जागा खाली राहिली नाही. मला त्याचा इतका राग आला, आणि त्याच्यावर इतकी माया दाटून आली, की श्वास कसा पुरला ते मला आजही सांगता येणार नाही.

बुद्धवंदना झाली, माती दिली, माणसं पांगू लागली. मी बाभळीखाली सॅक्सोफोन मांडीवर घेऊन बसले, आणि आतून जो हुंदका वर येत होता त्याला आता कोण अडवणार होतं! तेवढ्यात मयतीसोबत आलेल्या बायकांतून मामी येऊन समोर उभी राहिली. तिनं पदराची गाठ सोडली. आत बनियनचा तो तुकडा होता, धुतलेला, कोरडा, दोरी आणि शिशासकट. घरात मयत असताना तिनं तो कधी आठवणीनं बांधून घेतला होता कोण जाणे. इतक्या वर्षांत ज्याला हात लावला नव्हता, तो सॅक्सोफोन तिनं माझ्या मांडीवरून उचलला आणि भोंगा वर करून माझ्यापुढे धरला.

"आधी पुस," ती म्हणाली. "मंग रड."

मी शिसं आत सोडलं, तिनं वाद्य उलटं केलं आणि मी कपडा ओढून घेतला. तो चिंब ओला निघाला. मामीनं तो हातात घेतला, गालाला लावला, आणि मग आम्ही दोघी रडलो.