न मोडलेला हात

माझा मामा दवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, टाके काढायचे, पट्ट्या बांधायच्या, हे त्याचं सकाळचं काम. संध्याकाळी तो बॉक्सिंगच्या जिममध्ये जायचा आणि तिथंही पट्ट्याच बांधायचा. "सकाळी जखम झाल्यावर, संध्याकाळी व्हायच्या आधी," असं तोच सांगायचा.

ग्लोव्हज चढवण्याआधी बॉक्सरच्या हाताला पट्टी गुंडाळतात. मनगटाला वेढे, अंगठ्याला एक, मग बोटांच्या मधून तिरपी ओढायची आणि मुठीच्या उंचवट्यांवर कापडाची घडी बसवायची. मामा हे करताना बोलायचा नाही. झालं की स्वतःचा तळहात पुढे करायचा, त्यावर ठोसा मारायला लावायचा आणि नुसत्या आवाजावरून म्हणायचा, "जा आता."

त्यानं सर्वांत जास्त वेळा ज्याचे हात बांधले, त्याला सगळे मुंगळा म्हणत. वजन एक्कावन्न किलो, पण एकदा समोरच्याला चिकटला की तुटायचा नाही. एवढ्याशा वजनाच्या बॉक्सरांकडे एरवी कोण बघतं? लोक येतात ते धिप्पाडांची मारामारी बघायला. मुंगळ्यानं मात्र आपल्या वजनगटाचा विजेतेपदाचा पट्टा सात वर्षं कमरेवरून उतरू दिला नाही. अकरा जण आव्हान द्यायला आले, अकराही हात हलवत परत गेले.

त्याच वेळी पलीकडच्या जिममध्ये भिंगरी होता. तीन वर्षांनी लहान, पाय एका जागी न ठरणारे. त्यानं पुढं वरच्या गटाचा पट्टा जिंकला, मग त्याच्याही वरच्या गटाचा. मध्ये दोनदा हरलाही. त्यामुळे दाढीच्या दुकानात, चहाच्या टपरीवर एकच वाद चालायचा: एकाच गटात सात वर्षं राज्य करणारा मोठा, की आपल्यापेक्षा जड माणसांना त्यांच्या घरात शिरून हरवणारा? आणि प्रत्येक वाद एकाच जागी येऊन अडायचा. ते दोघे एकमेकांशी कधी लढलेच नाहीत. लढत ठरली होती, पण आठ दिवस आधी मुंगळ्याचा हात मोडला. तो मोडला माझ्या मामामुळे, असं सगळं गाव म्हणत होतं.

तो दिवस मामीनं मला अनेकदा सांगितलाय. आदल्या संध्याकाळी पट्ट्या बांधून मामा लवकर घरी आला होता. त्या दिवशी तो दवाखान्यातून थेट जिमला गेला, तर दारातच कोचचा आवाज ऐकू आला. चार-पाच बातमीदार उभे होते. "काल सरावात हाड मोडलं. आमच्या ड्रेसरनं बांधलेली पट्टी सैल होती," कोच सांगत होता. बाकावर मुंगळा बसला होता, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, मान खाली.

मामानं एक्स-रे बघायला मागितला. कोच म्हणाला, "बघून काय हाड जुळणार आहे?"

दुसऱ्या दिवशी मामा मुंगळ्याच्या घरी गेला. त्याचा डावा हात हातात घेऊन म्हणाला, "चुकलं रे माझं." आणि रडला. मुंगळा म्हणाला, "जाऊ द्या काका. माणसाच्या हातून होतं."

मामा पुन्हा जिमची पायरी चढला नाही. दवाखान्यातही त्यानं डॉक्टरांना सांगून ड्रेसिंगची खोली सोडली आणि गोळ्या देण्याच्या खिडकीत जाऊन बसला. गल्लीतले लोक थट्टा करायचे, "मामा, आमच्या साहेबाच्या हाताला एक पट्टी बांधून द्या की, म्हणजे मोडेल तरी." मामाही हसायचा.

प्लास्टर निघालं तरी लढतीची नवी तारीख ठरेना, तेव्हा वाट बघून कंटाळलेला भिंगरी वरच्या गटात निघून गेला. जाण्याआधी तो आमच्याकडे आला होता. "काका, माझे हात तुम्ही बांधा. तुमची पट्टी सैल होती यावर माझा विश्वास नाही." मामाला वाटलं, पोरगा मन राखायला बोलतोय. "नको रे," तो म्हणाला. "आणि ज्यानं मला माफ केलं, त्याला सोडून रिंगच्या दुसऱ्या कोपऱ्यात मी उभा राहायचो नाही."

मोठा कोण या वादात मामाचं उत्तर ठरलेलं असे. "ठोसे दोघंही मारतात. माफ करणारा मी एकच पाहिला."

अशी बावीस वर्षं गेली.

मागच्या वर्षी क्रीडा संघटनेनं आपल्या सभागृहात जुन्या विजेत्यांचे फोटो लावायचं ठरवलं. मधला मोठा फोटो कुणाचा, यावर पुन्हा तोच वाद. म्हणून एका दुपारी दोघांना मंचावर बोलावून गप्पांचा कार्यक्रम ठेवला. मामाला छापील आमंत्रण आलं. त्यानं सकाळीच शर्टाला इस्त्री केली. तिसऱ्या रांगेत तो, मामी आणि मी बसलो.

निवेदिकेनं विचारलं, "ती लढत झाली असती तर?"

भिंगरी म्हणाला, "कदाचित मी हरलो असतो. पण हरायची तरी संधी मिळायला हवी होती."

मग मुंगळ्यानं माइक घेतला. आता तो चांगलाच सुटलाय, खुर्चीत जेमतेम मावत होता. "बावीस वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही," तो हसत म्हणाला. "हातबित काही मोडला नव्हता. लढत आठ दिवसांवर आणि मी चार किलो जास्त. काही केल्या उतरेना. वजनकाट्यावर उभा राहिलो असतो तर पट्टा तिथंच गेला असता. कोच म्हणाले, प्लास्टर घाल, तारीख पुढं जाईल. पाच आठवडे चांगल्या हाताला प्लास्टर घालून डाव्या हातानं जेवलो."

सभागृह खो-खो हसलं. भिंगरी हसला नाही. मी मामाकडे बघितलं. तो मंचाकडेच बघत होता, फक्त मामीनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. आमच्याकडे वळून कुणी पाहिलं नाही. सैल पट्टीचा ठपका कुणावर आला होता, हे त्या हसणाऱ्यांपैकी कुणाला आठवतच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मामानं त्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये गाठलं.

"माझं नाव का घेतलंस?"

मुंगळ्याला आठवायला क्षणभर लागला. "काका, ते कोचनी घेतलं. मी नाही."

"मी तुझ्या घरी आलो होतो. तू मला माफ केलंस."

"मग काय करणार? तुम्ही रडत होता."

"खरं सांगायचं होतंस. एकट्या मला."

"तुमच्या पोटात राहिलं नसतं. आणि मला काय माहीत तुम्ही कामच सोडाल? वाटलं, चार दिवसांनी याल परत."

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढायला आलं आणि तो तिकडे वळला.

परतताना बसमध्ये मामा एकदाच बोलला. "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्याशानं चोराचे आभार मानले. बावीस वर्षं."

त्यानंतरच्या रविवारी संघटनेचं पुस्तक लिहिणारा पत्रकार घरी आला. त्यानं विचारलं, "तुम्ही दोघांनाही जवळून पाहिलंय. मोठा कोण?"

मामी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. आता तरी हा भिंगरीचं नाव घेईल, असं तिला वाटलं. मलाही.

"रिंगमध्ये मुंगळाच मोठा," मामा म्हणाला. "सात वर्षांत त्याचा पाय चुकीच्या जागी पडलेला मी पाहिला नाही. मला फसवलं म्हणून ते खोटं होत नाही. पण खाली हेही लिहा. ज्या लढतीत खरं काय ते ठरलं असतं, ती त्यानं टाळली. आणि त्या दिवशीची पट्टी बरोबर होती."

पत्रकारानं सगळं लिहून घेतलं, मामाला वाचूनही दाखवलं. दोन महिन्यांनी पुस्तक आलं. त्यात मुंगळ्याच्या पानावर एक वाक्य होतं: 'त्यांचे हात बांधणारे काकाही त्यांनाच थोर मानतात.' बस. मी फोन केला तर पत्रकार म्हणाला, "जागेची अडचण होती हो." मामीनं पुस्तक रद्दीत टाकलं. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला दोनदा बघायला मिळालं, आणि दुसऱ्या वेळी मामा पूर्ण सावध होता तरी.

मधला मोठा फोटो मुंगळ्याचा लागला. त्या आठवड्यात तो फळांची पिशवी घेऊन घरी आला.

"या, बसा," मामा म्हणाला.

"काका, पुस्तकात तुम्ही माझ्याबद्दल चांगलं बोललात. मला वाटलं होतं, रागावला असाल."

"जे खरं होतं ते सांगितलं. आपण चहा घेणार का?"

मुंगळा गडबडला. "आपण काय काका? अरे-तुरे करा की. सोळा वर्षांचा होतो तेव्हापासून करताय."

"तेव्हा ओळख होती," मामा म्हणाला आणि चहा सांगायला आत गेला.

मुंगळ्यानं अर्धाच चहा घेतला. मामा त्याला दारापर्यंत सोडायला गेला, पायऱ्या सांभाळून उतरा म्हणाला, आणि तो खाली पोचेपर्यंत दारात उभा राहिला.