टेकरामची अडलेली नावं

टेकराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी सालेकशाच्या स्टेशनवर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत होतो. "थे गेले, गुर्जी," एवढंच त्याची बायको सायत्राबाई बोलली. मी त्याच्याच कामाला निघालो होतो... गाडी आली, गेली. मी बाकावर बसून राहिलो.

टेकराम इथल्या जंगलात वनरक्षक, मी गावच्या शाळेत मास्तर. सुट्टीच्या दिवशी तो मला रानात न्यायचा. पाखरू दिसायच्या आधी आवाजावरून नाव सांगायचा. "पुस्तकात कायले पाहून राहिले, गुर्जी? कान द्या ना." मागच्या वर्षी त्याला पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि नावं गेली. समजायचं सगळं, पण मोराचं चित्र पाहूनही तोंडातून फक्त "थे... थे..."

याला मीच बोलता करीन, असं मी ठरवलं. आयुष्यभर पोरं शिकवली होती ना! शाळेतले चित्रांचे पत्ते आणले आणि सवयीनं नीट लावले. सोमवारी पक्षी, मंगळवारी प्राणी, बुधवारी झाडं. मोर तो कसाबसा सांगायचा. मग पोपट दाखवला तरी "मोर". घुबडालाही "मोर... नाई..." पाचव्या चित्राला त्याला घाम फुटायचा आणि माझा आवाज चढायचा. "अरे, हे तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत!" एकदा त्यानं डाव्या हातानं सगळे पत्ते खाली लोटले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी ते गोळा केले, पुन्हा पक्ष्यांत पक्षी लावले.

दोन महिन्यांनी त्याला गोंदियाला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी मोरानंतर बादली दाखवली, मग आंबा, मग घुबड. टेकराम अडखळत का होईना, सांगत गेला. मी थक्क झालो. बाई म्हणाल्या, "एकाच जातीची चित्रं ओळीनं दाखवली की त्यांची नावं एकमेकांना अडवतात. आत्ताच बोललेलं नाव पुन्हा पुढे घुसतं. तुम्हाआम्हालाही क्षणभर उशीर होतो. यांना तो क्षण ओलांडता येत नाही." टेकराम ऐकत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन मी सगळे पत्ते मिसळले. पण आता तो चित्राकडे बघेचना. तोंड उघडायला सांगितलं की मान फिरवायचा, आणि पुढे पुढे तर मी जाईन तेव्हा झोपलेलाच असायचा. काय करावं हे बाईंना विचारायला म्हणून मी एकटाच निघालो होतो, तेवढ्यात दुसरा झटका आला...

परवा त्याच्या घरी गेलो. बोलता बोलता सायत्राबाईला म्हटलं, "शेवटी शेवटी दुपारचा फार झोपायचा, नाही?"

"झोपत नोहोते, गुर्जी. तुमची सायकल आली का डोरे मिटून घेत. तुमी गेले का उठून बसत."

त्याची खाट अजून पडवीतच आहे. सायत्राबाई तिच्यावर बसा म्हणाली. मी उभाच राहिलो.