पावण्याची कात

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमचे आप्पा फॉरेस्ट गार्ड, उभी नोकरी शाहूवाडीकडच्या जंगलात झाली. आम्हा दोघी बहिणींना त्यांनी लहानपणीच सांगून ठेवलं होतं – भ्यायचं ते गव्याला आणि अस्वलाला, बाकी सगळ्या माणसांनी पिकवलेल्या कंड्या. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते इतकी वर्षं कुठे बोलले नाही. शिवाय बोलायचं तरी कुणाशी, हाही प्रश्न होताच...

चौऱ्याऐंशी साल असावं. मी कोल्हापुरात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लग्न झालेलं नव्हतं, आणि आता व्हायचं नाही हे सगळ्यांनी धरून चाललेलं. मंगळवार पेठेत माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. खाली शमाभाभी. तिच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं, काजं-बटणं, हातशिलाई ती घरी बसून करायची. रिटायर झाल्यावर आप्पा माझ्याकडेच राहायला आले, आणि येताना एक साप घेऊन आले.

साप म्हणजे तस्कर. बिनविषारी, तपकिरी अंगाचा, साडेतीन फुटांचा. भातकापणीत कुणाचा तरी विळा लागून त्याची पाठ अर्धी कापली गेली होती. जखम भरली, पण मागचं अंग तो ओढतच चालायचा. सोडला असता तर पहिल्याच घारीनं उचलला असता. आज असा साप घरात ठेवता येत नाही आणि ठेवूही नये, पण तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आप्पांनी त्याला नाव दिलं नाही. ते त्याला 'पावणं' म्हणायचे. सकाळी चहाचा कप घेऊन खोक्यापाशी बसायचे – "काय पावणं, झोप लागली न्हवं?"

त्या वर्षी थंडीत आप्पा गेले. झोपेतच गेले. दिवसकार्य आटोपून आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, कोडोलीला परत गेली. जाताना म्हणाली, "एकटी काय करतीस गं हितं? चल माझ्यासंगं. कोडोलीस्नं एस्टी हाय की. ये-जा कर. पोरं हाईत घरात, जीव रमंल तुझा." बघते म्हणाले.

दिवसभर माझ्या कानात हेडफोन. मुंबई, सांगली, बेळगाव... लोक रडतायत, भांडतायत, बाळ झालं म्हणून ओरडतायत. घरी आलं की आवाज नाही. एक तो साप.

आणि तोही पळायचा. आप्पांचं खोकं लाकडी, पुढे तारेची जाळी. आप्पा गेल्यावर तो सारखा जाळीवर नाक घासायचा, नाकाचं सालटं निघालं. एकदा फट शोधून बाहेर पडला आणि जिन्यावरून थेट खाली... शमाभाभीच्या कापडांच्या गठ्ठ्यात! तिनं पेठ डोक्यावर घेतली. घरमालक वर आले.

"बाई, वडील गेलं तुमचं, वाईट झालं. पर आता एक तर त्यो ऱ्हाईल न्हाईतर तुमी. काय ते ठरवा."

दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीपुरीतून प्लॅस्टिकचा मोठा टब आणला. झाकणाचा, पांढुरका, आतलं अंधूक दिसणारा. तेव्हा असले टब नवीनच निघाले होते. दुकानदार म्हणाला, "धान्याला का?" मी म्हटलं, "व्हय."

रविवारभर त्याच्यावर खपले. विणायची लोखंडी सुई स्टोव्हवर तापवली आणि टबाच्या बाजूंना हवेसाठी भोकं पाडली. सगळी आतून बाहेर – म्हणजे वितळलेल्या कडा बाहेर राहतात, सापाचं नाक सोलत नाही. भोकं बारीक, त्यातून करंगळीही जाणार नाही. तळाला वर्तमानपत्र. लपायला फुटक्या माठाचं खापर पालथं घातलं. पाण्याला दगडी कुंडी, कारण हलकं भांडं तो उलटवायचा. झाकणाच्या कड्या होत्याच, पण माझा भरवसा नव्हता. आप्पांच्या होल्डॉलचे दोन चामडी पट्टे काढले, टबाला आडवे आवळले आणि बकलं लावली.

त्यानंतर पावणं एकदाही बाहेर आलं नाही. नाकही बरं झालं. शमाभाभीची भीती गेली, एवढंच नाही, तिच्या घरी उंदीर सापडला की खालून हाक यायची – "मालूबाई, पावण्याचं जेवान आलंय!" ती वर येऊन टबाशी बसायलाही लागली. विळ्याच्या वारापाशी त्याच्या खवल्यांच्या ओळी तिरक्या जुळल्या होत्या, मधेच एक घडी पडल्यासारखी. ती बघून म्हणाली, "शिवण चुकलीया बगा हितं. घाईत टाकं घातल्यात देवानं."

मीही त्याच्याशी बोलायला लागले. ड्युटीला निघताना "पावणं, येते जाऊन". सापाला ऐकू येत नाही, मला माहीत आहे.

श्रावणात त्यानं खाणं टाकलं. हवा ओली, भिंतींना बुरशी. तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, सापाचं आम्हाला शिकवत नाहीत. एका सकाळी तो कुंडीशी सरळ पडलेला होता. साप मेला की सरळ पडतो... आप्पांच्या धोतराचा तुकडा फाडून त्यात त्याला गुंडाळलं आणि परसात पेरूच्या झाडाखाली पुरलं. खड्डा शमाभाभीनं खणला. आप्पांच्या वेळी मला रडू आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं.

टब मी पोटॅशच्या पाण्यानं धुतला, उन्हात वाळवला. तो माळ्यावर टाकायचा, तर मी परत कागद घातला, खापर ठेवलं, कुंडी भरली, पट्टे आवळले. का, ते सांगता येत नाही. रिकामा कोपरा बघवेना एवढंच. दर रविवारी पाणी आणि कागद बदलायची. शमाभाभी कधीकधी बघत उभी राहायची.

दिवाळीला आक्काकडे गेले. घर भरलेलं, पोरांचा दंगा. तिनं माझ्यासाठी एक खोलीच रिकामी करून ठेवली होती. मी हो म्हणून आले. घरमालकांनाही सांगितलं, महिनाअखेरीला खोल्या सोडते.

त्याच आठवड्यात, बुधवारी की गुरुवारी, सकाळची ड्युटी करून दुपारी घरी आले. कुलूप काढलं, चप्पल सोडली... आणि कागद वाजला. सावकाश, खरडल्यासारखा. अंग ओढत चालल्यावर वाजतो तसा. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता.

मी जागची हलले नाही. आवाज थांबला. मग टबाजवळ गेले. पट्टे जसेच्या तसे, बकलं त्याच भोकात. पट्टे सोडले, झाकण काढलं.

आत कात होती. अख्खी, डोक्यापासून शेपटीपर्यंत, डोळ्यांच्या चकत्यांसकट. एक टोक खापराच्या कडेला अडकलेलं. हात लावला तर ओलसर. कात तासाभरात वाळून कुरकुरीत होते, ज्यानं साप ठेवलाय त्याला हे कळतं. ही ताजी होती. कात टाकण्याआधी अंग भिजवायला साप पाण्यात बसतो, तसं कुंडीतलं पाणी भोवतीच्या कागदावर सांडलेलं होतं.

खापर उचललं. खाली काही नाही. टबात कुठेच काही नाही.

शमाभाभीला हाक मारली. तिनं कात दोन्ही हातांवर घेतली, उजेडाकडे धरली आणि बोट सरकवत सरकवत एका जागी थांबली.

"मालूबाई... ही शिवण मी वळखतो."

तिरकी ओळ, मधे घडी. तीच.

तिनं कात अलगद टबाच्या झाकणावर ठेवली. मग तीच उठली. "चला. परसात बघून येऊ. मला आता झोप यायची न्हाई."

भर उन्हात पेरूखाली खणलं. वरची माती घट्ट होती, कुणी उकरलेली दिसत नव्हती. धोतराचा तुकडा लागला. तिनं काठीनं तो उलगडला. आत हाडं होती, बारीक फासळ्यांची माळ. वाराच्या जागी मणके वाकडे जुळलेले. तिनं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं आणि माती परत लोटली.

वर आल्यावर म्हणाली, "ती कात पंचगंगेत सोडा. टब बी सोडा."

मी दोन्हींतलं काही सोडलं नाही.

नंतर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना कात दाखवली. तस्कराचीच आहे म्हणाले. जुनी असेल, खापराला चिकटून राहिली असेल. मी त्यांना टब धुतल्याचं सांगितलं, दर रविवारचा कागद सांगितला. ते हसले, "मग दुसरा साप शिरला असेल." कुठून? भोकं त्यांनी पाहिली नव्हती. मी कात उचलून पिशवीत ठेवली.

आक्काला निरोप धाडला, येत नाही म्हणून. ती स्वतः आली. "का गं? काय झालं? कुणी काय बोललं का आमच्यातलं?"

"न्हाई गं. हितंच बरं हाय."

"कुणाच्या जीवावर ऱ्हातीस?"

ती रागानं गेली, आणि पुढे त्या खोलीत तिची सून राहायला आली. त्यानंतर तिनं कधी बोलावलं नाही.

मी त्या माडीवर आणखी अकरा वर्षं राहिले. पाणी बदललं, कागद बदलला. ड्युटीवरून आले की चप्पल सोडून आधी दारातच थांबायची. कागद पुन्हा वाजला नाही. कात पुन्हा आली नाही.

शमाभाभी मुलाकडे मिरजेला राहायला गेली, तेव्हा सामान रिक्षात चढवून एकदा वर आली. कोपऱ्यातल्या टबाकडे बघत म्हणाली, "परत काय आलं न्हाई न्हवं त्यात?"

"न्हाई."

"बरं झालं की मग."

तिला खरोखर बरं वाटलं होतं. मी मान हलवली.

काय होतं ते, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी मला वेडी म्हणेल, कुणी प्राध्यापकांसारखं हसेल, दोन्हीला माझी हरकत नाही. लोक असले अनुभव लिहितात तेव्हा भीतीनं घाम फुटला असं लिहितात, म्हणून मीही आठवून बघितलं. भीती वाटली नव्हती. त्या एका दुपारी कुलूप काढून आत आले तेव्हा घरात कुणीतरी होतं. त्यानंतर कधीच कुणी नव्हतं.