पाचापर्यंतची इंग्रजी

परमुलखात जाऊन अज्ञान लेकरांना फुकट इंग्रजी शिकवायचं, असं पुण्याच्या मोरोपंतांनी ठरवलं आणि परमुलूख म्हणून वऱ्हाड निवडलं. समुद्र ओलांडणं धर्मात बसत नव्हतं, खिशातही बसत नव्हतं. पुण्यात त्यांच्यापेक्षा बरी इंग्रजी येणारे गल्लोगल्ली होते. वऱ्हाडात मात्र वासरांत लंगडी गाय शहाणी. तिथल्या साहेबानं एकदा शाळा पाहून मान डोलावली की सरकारी शाळेतली मास्तरकी पक्की, असा त्यांचा बेत होता. या बेताला ते सेवा म्हणत.

तेल्हाऱ्याच्या खुशालराव पाटलांनी त्यांना ठेवून घेतलं. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस अडलेला, त्यामुळं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. पाटलांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. त्यानंतर दारात इंग्रजी मास्तर येणं ओघानंच आलं.

मास्तर पगार घेत नव्हते, पण ज्वारीची भाकरी त्यांना सोसत नव्हती. पाटलीणबाई पार्वताबाई त्यांच्यासाठी अचलपुराहून तांदूळ मागवत, सोवळ्याचं पाणी वेगळं भरून ठेवत, घरचं तूप आधी त्यांच्याकडे धाडत. नातू सहदेवनं कापसाच्या दलालाला मध्ये न घेता साहेबाशी बोलावं, एवढी एकच त्यांची हौस होती. त्यापायी त्या सगळं हसून करत.

दसरा झाला, वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, आणि शाळेत चिटपाखरू उरलं नाही. मोरोपंत तणतणत पाटलांकडे गेले.

"पाटील, मुलं कुठं गेली?"

"कापूस वेचून राहिले ना, पंत! या भावात पोट्टं घरी कोन बसवन? तुमाले शिकवाचंच असन तं वावरात या."

मोरोपंतांचा पारा चढला. पण साहेब पौषात येणार होता, आणि रिकाम्या शाळेपुढं मान कोण डोलावणार? धोतर खोचून ते वावरात उतरले. 'वन' म्हणायचं आणि एक बोंड वेचायचं, 'टू' म्हणायचं आणि दुसरं. 'फाइव्ह'ला मूठ कमरेच्या ओटीत मोकळी करायची. पाचाच्या पुढं कापूस पोरांच्या मुठीत मावत नव्हता, म्हणून इंग्रजीही पाचावरच थांबली. वेचणी मात्र दुडक्या चालीनं निघाली. शेजारचे शेतकरीही पंतांना बोलवायला येऊ लागले. मोरोपंतांना वाटलं, काय ही विद्येची तहान! मन भरून आलं त्यांचं.

पौषात साहेब आला. तो शाळा पाहणारा नव्हता, कापूस पाहणारा होता. पण साहेबासाहेबांत फरक असतो हे तेल्हाऱ्यात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पंतांनी विचारलं नव्हतं. मांडवात धुतल्या कपड्यांची पोरं ओळीनं बसली. मोरोपंतांनी खूण केली.

"वन!" सगळे हात पुढं झाले आणि हवेतलं बोंड वेचू लागले. "फाइव्ह!"ला सगळ्या मुठी मांडीवर रित्या झाल्या. मोरोपंतांनी डोळे वटारले. मास्तरांना आणखी घाई हवी आहे असं समजून पोरांनी वेग वाढवला.

साहेबानं सहदेवला मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, "फाइव्ह माने क्या?"

"ओटीत टाकाचं," सहदेव ठसक्यात म्हणाला.

दाराआडून पाहणाऱ्या पार्वताबाईंचा चेहरा पडला. साहेब मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. वेचणी किती झपाट्यानं होते ते त्यानं पाटलांकडून ऐकलं आणि पंतांची पाठ थोपटली. कापूसखात्यात नोकरी! गावोगावच्या वावरांत फिरून हीच युक्ती शिकवायची. शाळेची काही गरज नाही.

मोरोपंतांना लाज वाटली. खरोखर वाटली. पण सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी; त्यांनी कमरेत वाकून सलाम केला.

दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसले, तेव्हा पार्वताबाई चाकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"पंत, तुमची सेवा तुमाले पावली. माह्या सहदेवले पाचाच्या पुढं आता कोन नेईन?"

पंतांनी मान खाली घातली. "पुण्याहून दुसरा कुणी पाठवतो, बाई. तोही फुकटच शिकवील."

"नोका पाठवू," पार्वताबाई म्हणाल्या. "फुकटाचं आमाले परवडत नाई."