‘पालकांनी उशिरा आणले’

“मॅडम, रिपोर्टमधून ते गेट काढा,” आमचे साहेब म्हणाले. “कारण लिहा, ‘पालकांनी उशिरा आणले.’ विषय संपला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी साथरोगतज्ज्ञ. म्हणजे कोण आजारी पडलं, कुठे पडलं, आणि तेच का, हे शोधणं माझं काम. वळ गावापुढच्या एका गावात आणि गोदामांमागच्या कातकरी पाड्यावर एकदमच गॅस्ट्रो आला. जुलाब, उलट्या. दोन्हीकडे पाणी एकाच टाकीचं. गावातली पोरं सलाइन लावून घरी परतली. पाड्यावरच्या कमळीची मुलगी गेली. साथ अजून चालूच होती. पुढचं पोर कुणाचं, एवढाच प्रश्न होता.

जंतू तोच, मग मरण पाड्यावरच का? मी कमळीला विचारलं.

“पोर गळाली तशी आमी निंगालो, बाई. गेटावर वाचमन म्हनं, पास दाखव. आमच्याकडं कुठला पास? मंग ओढ्यातनं वळसा घातला. दवाखान्यात पोचलो तवा जीव न्हाय.”

पाड्याची पूर्वापार वाट गोदामवाल्याने कंपाउंडात घेतली होती. आपल्याच वाटेवर पास!

“साहेब, तिने उशीर केला नाही. तिला अडवलं.”

“अहो, ही माणसं अडाणी. आणि गोदामवाले शेठ आपल्या आरोग्य शिबिरांना मदत करतात.”

“मग एकदा बघायला तरी चला.”

आले. जीप गेटशी थांबली.

“गेटपास?” वॉचमनने विचारलं.

“मी कोण आहे माहितेय?”

“कोई भी हो साब, बिना पास अंदर नहीं। सेठ का ऑर्डर है।”

शेठ फोन उचलेनात. साहेब भर उन्हात उभे, घामाने थबथबलेले. “मला अडवतो? मला?” एवढंच चाललेलं. जाळीपलीकडून कमळी बघत होती. तिने साधेपणाने विचारलं, “तुमालाबी न्हाय सोडीत व्हय?”

मग साहेबांनी तिथूनच थेट वरपर्यंत फोन फिरवले. दुसऱ्या दिवशी गेटचं कुलूप निघालं, पाड्याची वाट मोकळी झाली. त्याच आठवड्यात कमळीच्या जावेचं पोर आजारी पडलं. त्याच गेटातून गेलं, वेळेत सलाइन लागलं, वाचलं.

“मॅडम, रिपोर्टमध्ये ते गेट राहू द्या,” साहेब म्हणाले. “ठळक अक्षरांत.”

ठेवलं. पण माझा राग अजून गेलेला नाही. आमच्या खात्यात वाट मोकळी व्हायला मेलेलं लेकरू पुरत नाही. साहेबाचा अपमान व्हावा लागतो.