पिल्लांवरची मरळ

सात वर्षं ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथेसुद्धा मी इकडचं तिकडचं बोलून उठत असे. परवा पहिल्यांदा एका माणसाला सांगितली, काल गटातल्या बायांना, आणि आज तुम्हाला सांगते आहे. परवापासून मला जेवण गोड लागतंय. हे आधी सांगून टाकते, म्हणजे मी रडत बसले आहे असं तुम्हाला वाटायला नको.

आमचं गाव सिंदेवाहीपासून जवळ, आम्ही ढिवर, मासे धरून जगणारे. तलाव मालगुजारांच्या काळातला, त्यावरच आमची घरं चालतात. मी लग्न होऊन आले तेव्हा तलावात मासळी भरपूर होती. मग बारीक जाळी आली, बेशरमाची झुडपं माजली, पाणवनस्पती गेल्या, आणि मरळ तर दिसेनाशीच झाली. सिंदेवाहीच्या बाजारात बर्फातली परराज्यातली मासळी मिळायची आणि ढिवराच्या घरात वरणभात. लाज वाटायची, खरंच.

म्हणून आम्ही बायांनी गट केला. मी अध्यक्ष. बेशरम उपटला, चिखलात उतरून पाणवनस्पती लावल्या, बारीक जाळी बंद केली. आणि एक नियम केला — पिल्लांवरची मरळ मारायची नाही. तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. मरळीची पिल्लं लालभडक असतात, शेकड्यांनी एकत्र फिरतात, श्वासाला वर आली की पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसतं. खाली आईबाप राखण करतात. तिथे गरीला, म्हणजे गळाला, बेडकी लावून सोडली की मरळ झडप घालते. भुकेनं नाही हो — पिल्लांजवळ कोण आलं म्हणून, रागानं. म्हणून ती इतकी सोपी सापडते. आणि म्हणूनच तो नियम.

नियम माझाच होता. तो मीच हात वर करून मांडला होता.

विरोध केला तो कवडूभाऊंनी. गावात गरी बांधावी तर त्यांनी. लाल दोऱ्याचे वेढे देऊन बांधलेली त्यांची गरी कुणीही ओळखावी. ते सभेत म्हणाले, "माशाले कायदा शिकवून राह्यल्या ह्या बाया." सगळे हसले. मी नाही हसले. मनात ठेवलं — मी अशीच आहे, कुणी चारचौघांत टोकलं की विसरत नाही.

दोन वर्षांत मरळ परत आली. मला काय आनंद झाला होता! लेकीचं नुकतंच लग्न झालेलं; नव्या विहीणबाई वरोऱ्याच्या, कापूस-सोयाबीनवाल्या, जरा नाक वर असलेल्या. त्यांना मी फोनवर सांगितलं, "आखाडात या, आमच्या तलावाची मरळ खाऊ घालते." त्या आल्या. आणि नेमकं त्याच दिवशी जाळ्यात काही नाही. दोन चिंगूर — बोटाएवढे मासे.

सांगते, सांगते. इथेच दरवेळी माझी जीभ अडायची.

धानाचं रोवणं चालू होतं, सारं गाव शेतात, बांधीत. भर दुपारी तलावावर चिटपाखरू नव्हतं. कवडूभाऊंनीच कधीतरी दिलेली, त्यांच्याही लक्षात नसेल अशी एक जुनी गरी घरात पडून होती, ती घेतली. पिल्लांचा लाल थवा कुठे आहे ते मला ठाऊक होतं, कारण रोज सकाळी मीच बायांना तो कौतुकानं दाखवायचे. बेडकी सोडली. पहिल्या झटक्यात मरळ आली.

एक पुरे होती. चार माणसांना एक मरळ भरपूर. मग मी परत बेडकी का लावली? विहीणबाईंसाठी? नाही. सोपं होतं म्हणून. दुसरी अजून तिथेच फिरत होती, पिल्लांना सोडून जात नव्हती म्हणून. तिलाही काढली. तिसऱ्यांदा टाकायला गेले तर गरी झुडपात अडकली, मी दोरी तोडली आणि घरी आले. तिसऱ्यांदा कशासाठी टाकत होते, ते आजही मला सांगता येत नाही.

विहीणबाई दोनदा रस्सा मागून जेवल्या.

दोन दिवसांनी बायांनी पाहिलं — पिल्लं पांगली होती, पाणकावळे टिपून टिपून खात होते, आणि तिथेच झुडपात लाल दोऱ्याची गरी. माझ्या घरी मरळ शिजल्याचा वास गल्लीभर गेला होता. पण साधी मरळ पकडायला बंदी नव्हती, आणि अध्यक्षबाईवर संशय घेणार तरी कोण?

सभा बसली. गरी मध्ये ठेवली. कवडूभाऊ आधी चिडून म्हणाले, "मी नाई मारलो." मग त्यांनी ती गरी उचलली, उलटी-पालटी केली, आणि त्यांचा चेहराच उतरला. खाली बघत म्हणाले, "लिवा बाई. माह्यंच नाव लिवा."

मला वाटलं, म्हातारा भांडून थकला. मला हायसं वाटलं — हो, हायसंच. मी माझ्या तोंडानं सांगितलं, दोन वर्षं तलावात तुमची गरी नाही, जाळं नाही. आवाज जराही कापला नाही माझा. त्याच हिवाळ्यात त्यांचा मुलगा विलास मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिकडेच राहिला. घरात मासळी नाही म्हणून गेला, असं मी धरून चालले, आणि त्याचंही ओझं माझंच म्हणून घेतलं.

आणि ऐका, याहून वाईट पुढेच आहे. आमचा तलाव बघायला लोक येऊ लागले. मी भाषण करू लागले. त्या भाषणात मी हीच गोष्ट सांगायचे! "आम्ही इतक्या कडक, की जुन्या जाणत्या माणसालाही सोडलं नाही." टाळ्या पडायच्या. किती वेळा सांगितली असेल? मोजली नाही. चोर मी, आणि टाळ्याही माझ्याच.

गेल्या आठवड्यात कोरपन्याकडच्या बाया आल्या होत्या. त्यातल्या एकीनं साधंच विचारलं, "बाई, त्या बुढ्याचं पुढं काय झालं?" चहा आणते म्हणून मी आत गेले.

परवा सकाळी कवडूभाऊंच्या अंगणात गेले. ते जाळं विणत होते. मी उभ्यानंच सांगितलं. सगळं — पहिली मरळ, दुसरी, तिसऱ्यांदा टाकलेली बेडकी. शिव्या खायची तयारी करून गेले होते.

त्यांनी जाळं खाली ठेवलं. एवढंच विचारलं, "मंग विलास नोहोता?"

मला कळेना. मग ते हळूहळू बोलले. त्या दुपारी विलास रोवण्याला नव्हता. कुठे होतास म्हणून विचारलं तर नीट सांगेना. त्यात सभेत आपल्याच हातची गरी दिसली. पोराचं नाव गावात खराब व्हायला नको म्हणून म्हाताऱ्यानं आपलं लिहायला लावलं, आणि घरी येऊन पोराला म्हणाले, तोंड दाखवू नको मले. "मी नाई केलो बाबा" असं तो म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही. सात वर्षं बापलेकांत बोलणं नाही. फोन येतो तो आईला.

मी मासे मारले, पिल्लं मारली, एका माणसाचं नाव घालवलं — एवढंच माहीत होतं मला. त्या घरात काय मोडलं होतं, ते परवा कळलं. दुपारची झोप काढून आला असेल पोरगा, नाहीतर कुणा पोरीला भेटून. काय फरक पडतो?

माफी मी मागितली नाही. ती मागितली असती तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. काल गटात सांगून अध्यक्षपद सोडलं. एक म्हणाली, "काऊन केलं बाई असं?" मी म्हटलं, सोपं होतं म्हणून. यापेक्षा दुसरं कारण सात वर्षं शोधूनही मला सापडलं नाही.

पण परवाचं राहिलंच सांगायचं. कवडूभाऊ माझ्याकडे न बघता उठले, दारात जाऊन बायकोला म्हणाले, "त्याले फोन लाव." तिनं लावला आणि सवयीनं स्वतःच्या कानाला धरला. त्यांनी तो तिच्या हातातून घेतला. पलीकडून आईच समजून तो काहीतरी भराभर बोलत होता. मला नुसता आवाज ऐकू येत होता. ते ऐकत राहिले, कितीतरी वेळ. मग म्हणाले, "विलास, मी बोलून राह्यलो."

मी फाटक लोटून बाहेर पडले.